रक्तवाहिन्यांचं वय

खिडकीमागच्या बाईंनी इंदुमती नेवगींच्या मनगटाला यंत्र लावलं आणि अर्ज परत केला. "काकू, तुमच्या रक्तवाहिन्या सेहेचाळीस वर्षांच्या आहेत. वृद्धनिवासात साठीपुढच्यांनाच घेतात."

"अहो, मी एकाहत्तर वर्षांची आहे!"

"जन्मतारीख आता कोण बघतं?"

शेजारी बसलेल्या दिनकररावांना, म्हणजे त्यांच्या नवऱ्याला, कालच प्रवेश मिळाला होता. त्यांच्या रक्तवाहिन्या ब्याऐंशीच्या निघाल्या होत्या. तीस वर्षं इंदुमती रोज टेकडी चढल्या, आणि हे आरामखुर्चीतून हलले नाहीत.

"सहा महिने चालणं बंद करा," बाई हळूच म्हणाल्या. "वाहिन्या ताठरल्या की या."

इंदुमतींचं डोकंच फिरलं. त्यांनी नवऱ्याचं प्रवेशपत्र टराटरा फाडलं. "उठा. आजपासून रिक्षा बंद. घरी चालत जायचं."

दिनकररावांना फाटकापाशीच धाप लागली. इंदुमती चरफडत, कमरेवर हात ठेवून थांबल्या.