सभेचं मेज

गावची पंचायत शहरात विलीन झाली आणि फ्योर्डच्या खाडीकाठच्या कचेरीतलं सामान न्यायला शहरातले आयलर्ट साहेब हमालांसह बोटीनं आले. खुर्च्या गेल्या, कपाटं गेली. सभेचं मेज मात्र दारातून निघेना. अडतीस वर्षं तिथंच कारकुनी केलेली गुडवेग हाताची घडी घालून बघत होती. “माझ्या बाबांनी याच खोलीत घडवलंय ते. बाहेर न्यायला नव्हेच.” “मग कापूया, ताई,” साहेब म्हणाले. “कापा की! पण आधी करवत माझ्या हातांवरून चालवा.” तिनं दोन्ही तळवे लाकडावर टेकवले. हमाल मागे सरले. साहेबांनी मेजाभोवती फेरी मारली, कडेवरून हात फिरवला आणि शहरात फोन लावला, “सभाच इकडे घेऊया.” नव्या एकत्रित पंचायतीची पहिली सभा गुडवेगच्या गावात भरली. गावकऱ्यांनी घरोघरच्या खुर्च्या आणल्या. शहरातले सदस्य बोटीनं आले, तेव्हा गुडवेगनं दारातच सगळ्यांना बजावलं, “बूट पुसून या.”