मागे फिरवायचं बटण

"ह्यात वायफाय आहे. नको," असं म्हणून लोरेननं तिसरं कन्सोलही काउंटरवर परत सरकवलं.

"अहो, वायफाय बंद ठेवता येतं," दुकानदार व्हिन्ह म्हणाला.

"बंद नको. मुळातच नको."

व्हिन्ह व्हिएतनामी भाषेत काहीतरी पुटपुटला. जुने व्हिडिओ गेम चालवणारी, हातात मावणारी यंत्रं विकणारं अ‍ॅडलेडच्या त्या भागातलं ते एकच दुकान, आणि शनिवारची दुपार म्हणजे त्याची धंद्याची वेळ. आपण ह्या माणसाचा जीव खातोय हे लोरेनला कळत होतं. पण सकाळपासून वृद्धाश्रमाच्या चादरी धुऊन तिचे पाय भरून आले होते. आणखी कुठे शोधत फिरायचं त्राण तिच्यात नव्हतं.

"कॅमेरा नको, वायफाय नको," तिनं पुन्हा सांगितलं. "कव्हर आरपार दिसणारं हवं. आणि आतलं कार्ड काढता-घालता येता कामा नये."

व्हिन्हचा हात थांबला. "कुठल्या जेलात आहे?"

"उत्तरेला. गाडीनं तीन तास."

"मग आधी नाही का सांगायचं! मी आपला सगळं दुकान उपसत बसलोय." त्यानं खालच्या कप्प्यातून जांभळट, पारदर्शक असं एक कन्सोल काढलं. आतल्या तारा आणि बॅटरी स्वच्छ दिसत होत्या. "हे जुनं मॉडेल. बाहेर ह्याला कुत्रं विचारत नाही, पण आत हेच चालतं. कार्डाच्या खाचेत मी गोंद भरून देतो."

लोरेननं ते हातात घेतलं आणि डावीकडच्या फुलीच्या आकाराच्या बटणावर अंगठा जोरात रेटून पाहिला. "टिकेल ना हे? डेकलन बटण दाबत नाही, ठेचतो. आमच्या घरातली दोन त्यानंच मोडली."

"म्हणजे पक्का खेळाडू आहे."

"दोघंही होते. एकाच कोचावर वाढले. टोबी शेजारी बसून हा कुठे चुकतोय ते सांगायचा, आणि हा चिडायचा."

"जुळे?"

"लोक चिडवायचे तसं."

"टोबी खेळतो अजून?"

"नाही," लोरेन म्हणाली. "आता नाही."

व्हिन्हनं मान डोलावली आणि यंत्र संगणकाला जोडलं. "हजारएक खेळ टाकून देतो."

"हजार नको हो. हजार असले की माणूस नुसती यादी चाळतो, खेळत काहीच नाही. तो दीपस्तंभ चढणारा बेडूक आहे ना, तो टाका. शेवटचा मजला दोघांना कधी जमला नाही."

"एका खेळासाठी एवढा खटाटोप?"

लोरेन पर्समधले पैसे मोजू लागली. जेलातल्या पाद्र्यांचा फोन त्याच आठवड्यात आला होता. भेटीला लोरेनच जायची, म्हणून फोनही तिलाच आला. डेकलन जेवत नाही, कुणाशी बोलत नाही, भिंतीकडे तोंड करून पडून असतो, जमलं तर त्याला कशात तरी गुंतवा, असं ते म्हणाले होते. असं पडून राहणं कुठे जाऊन थांबतं हे त्यांनी सांगितलं नाही, आणि तिला सांगायची गरजही नव्हती. पोरगा हातचा जाता कामा नये, एवढा एकच विचार घेऊन ती तेव्हापासून चादरी धूत होती. झोप अशी लागलीच नव्हती.

"आता ही खरी गंमत बघा," व्हिन्ह खुलून म्हणाला. "आमच्या लहानपणी मेलं की पहिल्या पायरीपासून सुरुवात. इथे तसं नाही." त्यानं बेडकाला मुद्दाम पायरीच्या कडेवरून समुद्रात टाकलं आणि यंत्राच्या वरच्या कडेचं एक बटण दाबून धरलं. बेडूक उलटा पाण्यातून वर आला, हवेतून मागे गेला आणि पायरीवर जसाच्या तसा उभा राहिला. "झालं! जणू काही घडलंच नाही."

लोरेन पडद्याकडे बघत राहिली.

"परत दाखवा," ती म्हणाली.

त्यानं परत दाखवलं.

"अजून एकदा."

बेडूक पुन्हा पडला आणि पुन्हा उठून उभा राहिला. लोरेनचे डोळे भरून आले. दुकानात रडायला आल्याचा तिला स्वतःचाच राग आला.

"हे बटण काढून टाका."

"अहो, लोक ह्याच्यासाठी तर घेतात!"

"त्याला नको. तो दिवसभर तेवढंच करत बसेल."

व्हिन्हनं एकदा तिच्याकडे पाहिलं आणि ते बटण बंद करून टाकलं.

रविवारी ती उजाडायच्या आत निघाली. वाटेत एका पेट्रोल पंपावर मीट पाय नावाची खिम्याची पेस्ट्री घेतली, दोन घास खाल्ले आणि उरलेली शेजारच्या सीटवर ठेवून दिला. जेलच्या काउंटरवर एक नवी, गोल चेहऱ्याची पोलीसबाई बसली होती. तिनं कन्सोल उजेडात धरलं, आरपार पाहिलं, गोंदावरून नख फिरवलं.

"अगदी नियमातलं आहे हो! नाहीतर लोक काय वाट्टेल ते घेऊन येतात." मग तिचा आवाज जरा उतरला. "पण नोंदवहीत लिहिलंय, मागच्या खेपेला तो खोलीबाहेर आलाच नव्हता ना? आजही नाही आला तर?"

"तर तेवढं त्याच्या हातात द्या. आणि शेवटच्या मजल्यावर डावीकडून चढ म्हणावं."

"देते की. आईचं काळीज शेवटी," पोलीसबाई कन्सोल खोक्यात ठेवत म्हणाली. "पोरानं काहीही करून ठेवू दे, आई यायची थांबत नाही."

"त्याची आई येत नाही," लोरेन म्हणाली. "मी टोबीची आई. डेकलननं दारू पिऊन गाडी झाडावर घातली, तेव्हा त्याच्या शेजारी बसून जो जागच्या जागी गेला, त्याची."