धूर तिकडचा

"आमच्या हवेतल्या शंभर कणांपैकी बासष्ट पलीकडच्या राज्यातून येतात," थोरलीने लवादासमोर सांगितलं आणि ती खाली बसली. अलीकडच्या राज्याच्या हवा खात्यात ती वरिष्ठ तपासनीस होती. हे खातं नेमकं काय खातं, यावर गावात बरंच बोललं जाई.

मग पलीकडच्या राज्याचा तपासनीस उठला. त्यांच्या हवेतले बासष्ट कण अलीकडून येतात, असं त्यानेही तितक्याच अदबीने सांगितलं. तो थोरलीचा सख्खा धाकटा भाऊ होता. नोकरी तिकडे लागली म्हणून तिकडचा झाला होता.

मध्ये एक उथळ नदी आणि तिच्यावर एक पूल. दोन्ही काठांवर एकेक वीज कारखाना, एकेक उंच धुराडं. दोरीवरचे कपडे दोन्हीकडे काळ्या ठिपक्यांचेच वाळत. शाळेच्या दप्तरात डब्याशेजारी दम्याचा पंप असे. कायदा सरळ होता. आपल्या धुराला आपण आवर घालायचा. फक्त तो आधी आपला असायला हवा. त्यामुळे दोन्ही खात्यांची सगळी हुशारी, तो आपला नाही हे दाखवण्यात अकरा वर्षं खर्च होत होती. थोरलीच्या टेबलावर 'तिकडचा' असा रबरी शिक्काच होता. धाकट्याकडेही तोच होता, शाई तेवढी वेगळी.

लवाद म्हणजे एक निवृत्त न्यायाधीश होते. इथे आल्यापासून त्यांनाही खोकला जडला होता. दोघांचे तक्ते पाहून झाल्यावर त्यांनी सांगितलं की आकडे पुरे झाले. दोन्ही काठांवर सारखाच काळ राहिलेलं एखादं माणूस साक्षीला आणा. नाव बंद पाकिटात द्या.

महिनाभर दोन्ही खात्यांनी शोध घेतला. पाकिटं आली आणि दोन्हींतून एकच नाव निघालं. ते या दोघांच्या वडिलांचं होतं.

एकमेकांना विचारायची सोयच नव्हती. खटला चालू असताना विरुद्ध बाजूशी त्याबद्दल बोलायचं नाही, असा खात्याचा दंडक होता. बहीण-भाऊ फोनवर बाबांच्या औषधांपलीकडे जात नसत. आई गेल्यापासून बाबा सहा महिने लेकीकडे आणि सहा महिने लेकाकडे राहत. तिकडून आले की आठ दिवस त्यांची छाती वाजते, हे थोरलीने स्वतः पाहिलं होतं. धाकट्यानेही पाहिलं होतं. आपलीच बाजू पक्की होणार, याची दोघांनाही खात्री होती.

बाबा काठी टेकत आले आणि साक्षीदाराच्या खुर्चीत बसले. लवादांनी विचारलं, खोकला कोणत्या काठावर जास्त येतो. बाबांनी सांगितलं की दोन्हीकडे सारखाच येतो, पुलावर मात्र येत नाही, कारण चढ असल्याने खोकायलाही दम उरत नाही. आधी काय काम करत होता, असं विचारल्यावर ते म्हणाले, गवंडीकाम. धुराडी बांधायचो. नदीवरची दोन्ही माझीच आहेत.

मुलांना हे ठाऊक होतं. त्या कामावरच दोघांची शिक्षणं झाली होती. पण साक्षीदाराच्या अर्जात तसा रकाना नव्हता, म्हणून कुणी लिहिलं नव्हतं.

"पहिलं अलीकडचं बांधलं," बाबा सांगू लागले. "साहेब म्हणाले, धूर आपल्या गावात पडता कामा नये, थेट नदीपार गेला पाहिजे. म्हणून उंच नेलं. दोन वर्षांनी पलीकडच्या साहेबांनी बोलावलं. तेही तेच म्हणाले. त्यांचं मी दहा हात जास्तच चढवलं." ते दम घ्यायला थांबले. "काम चोख झालंय, साहेब. आजवर एक वीट हललेली नाही."

मग दोन्ही राज्यांचे वकील एकदम उठले. अकरा वर्षांत त्यांचं पहिल्यांदाच एकमत झालं होतं. दोषी सापडला होता. दोघांनीही गवंड्यावर ठपका ठेवावा अशी विनंती केली. लवादांनी विचारलं, की हा माणूस कोणत्या राज्याचा रहिवासी धरायचा, कारण त्याची भरपाई त्याच राज्याला भरावी लागेल. तिथे एकमत मोडलं. अलीकडचे वकील म्हणाले की वडील मुलाचे, म्हणजे पलीकडचे. पलीकडचे म्हणाले की औषधांच्या चिठ्ठ्या मुलीकडच्या डॉक्टरांच्या आहेत. मग दोघांनी आपापल्या तपासनिसाकडे वळून पाहिलं. बाबा तिकडचे, अशी नुसती मान हलवली तरी पुरे होतं.

थोरलीचे साहेब मागच्याच बाकावर बसले होते. तिच्या बढतीचा कागद त्यांच्या सहीसाठी थांबला होता. तिने बाबांकडे पाहिलं. ते दोन्ही हातांनी पेला धरून पाणी पीत होते आणि घोटाघोटाला थांबत होते. आपल्याबद्दल काय चाललंय, हे त्यांना नीट कळलेलं दिसत नव्हतं. चांगल्या कामाची साक्ष दिली, एवढंच समाधान चेहऱ्यावर होतं.

ती उठली.

"बाबा माझ्याकडे राहतात," ती म्हणाली. "आणि धूर म्हणाल, तर तोही आमचाच आहे. यांनी नुसतं धुराडं बांधलं. आत जाळतो ते आम्ही."

मागच्या बाकावरचे साहेब खाकरले. दोन्ही वकिलांनी एकाच वेळी हरकत घेतली. लवादांनी ती दोघांची मिळून एकच धरली आणि फेटाळली. मग त्यांनी धाकट्याकडे पाहिलं. त्याने हातातली फाइल मिटली, बहिणीकडे पाहिलं आणि उठून उभा राहिला.

"आमचाही लिहून घ्या," तो म्हणाला.

अकरा वर्षं अडलेला हुकूम मग चार ओळींत मावला.