इंजिनापुढचं गाऱ्हाणं

इंजिनाला साखळी लावून झाली होती, पण वर ओढायला कुणी पुढे येईना.

पेडण्याच्या सरकारी बसच्या वर्कशॉपच्या दारात ठेकेदाराचा ट्रक मागचा फाळका पाडून उभा होता. इंजिनं खोलून दुरुस्त करायचं काम आजपासून ठेकेदाराकडे गेलं होतं आणि पहिलं इंजिन आत्ताच न्यायचं होतं. असल्या ठेक्यांविरुद्ध देशभरच्या सरकारी वाहतूक कामगार संघटना एक झाल्या होत्या. उद्या एकाही वर्कशॉपात कुणी पाना उचलायचा नाही, असं ठरलं होतं. आसामपासून केरळपर्यंत सगळे हो म्हणाले. पेडण्यातलेच तेवढे तळ्यात-मळ्यात करत होते. त्यांना बदलीची भीती होती, आणि घरी पोरंबाळं असलेल्या माणसाच्या भीतीला नावं तरी कोण ठेवणार?

ठेकेदार यशवंतशेट म्हापशाचा, म्हणजे इथलाच. देवाला गाऱ्हाणं घातल्याशिवाय नवं काम सुरू केलं तर ते तडीला जात नाही, हे त्यालाही लहानपणापासून ठाऊक. म्हणून तो नारळ घेऊनच आला होता आणि ते गाऱ्हाणं घालायला त्याने सगुणला सांगितलं होतं. सगुण हळर्ण्याचा, वर्कशॉपातला सगळ्यांत जुना फिटर. दसऱ्याला हत्यारांची पूजा झाली की सगळ्यांच्या वतीने देवाला गाऱ्हाणं तोच घालायचा. बाकीचे त्याच्या एकेका मागण्यामागे ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचे. एकदा तसं म्हटलं की माघार नाही. इथे सही केलेले लोक शब्द फिरवतात, पण देवापुढे व्हय म्हटलेले फिरवत नाहीत.

स्टोअरमधल्या सुमंगलाला नेमकं हेच खात होतं. ती युनियनची सेक्रेटरी. शेटच्या मनासारखं गाऱ्हाणं झालं आणि माणसांनी व्हय म्हटलं, की पेडण्यातला उद्याचा संप आजच आटोपला. तिने सगुणला खांबाआड गाठलं.

“सगुणदादा, माका जमूचा नाय म्हणान सांगा.”

“आणि गौरेशाचा काय?”

गौरेश सगुणचा मुलगा. बरीच वर्षं नोकरीविना काढल्यावर नुकताच तो शेटकडे सुपरवायझर म्हणून लागला होता. वर्कशॉपातली माणसं त्याच्यावर चिडून होती, पण आपलेच दात आणि आपलेच ओठ, बोलणार कुणाला? तो कंपनीची टोपी घालून ट्रकपाशी उभा होता आणि बापाकडे बघायचं टाळत होता. शेटने सकाळीच सगुणच्या खांद्यावर हात ठेवून म्हटलं होतं, “तुमचो झील म्हणान घेतलंय हां तेका.” धमकी अशी गोड बोलूनही देता येते.

“चला सगुणबाब,” शेटने हाक दिली. “बरकतीचा गाऱ्हाणा घाला बघूया.”

सगुणने चपला काढल्या आणि नारळ हातात घेतला. माणसं इंजिनाभोवती गोळा झाली.

“बा देवा रवळनाथा, माये भगवती, जाग्याच्या राखणदारा! तुमची लेकरा आज तुमच्या पायाकडे उभी आसत.”

“व्हय म्हाराजा!”

“आजपर्यंत तुमीच तेंची राखण केलास. ह्याच्यापुढेय करा.”

“व्हय म्हाराजा!”

इथवर सगळं दरवर्षीचंच होतं. शेटने डोळे मिटून हात जोडले. सगुण मात्र थांबला. त्याने नारळ छातीशी धरला.

“आणि देवा, ज्या हातांनी ही इंजिना आजवर उघडली, त्याच हातांत ती रवांदेत. ह्या इंजिन हयसून भायर जावक नको. देशभरातले आमचे भावबंद उद्या पाने खाली ठेवतले. तेंच्याबरोबर उभे रवाक आमका बळ दी.”

शेटने खाडकन डोळे उघडले. व्हय कुणाच्याच तोंडून निघालं नाही.

“आणि ह्याच्यात माझ्या झिलाची भाकरी जातली,” सगुण पुढे म्हणाला. “तेका दुसरा काम दी रे म्हाराजा.”

पुढेच उभा असलेला फिटर बाबली पायांच्या अंगठ्याकडे बघत राहिला. व्हय न म्हटलेलं गाऱ्हाणं त्यांच्यातल्या कुणीच कधी ऐकलं नव्हतं. सुमंगलाच्या ओठांवर शब्द आला होता. पण बायकांनी व्हय म्हणायची रीत नाही, आणि रीत मोडली म्हणून शेटने सगळं गाऱ्हाणंच रद्द ठरवलं असतं. तिने पदर तोंडात कोंबला. एवढा एकटा पडलेला माणूस तिने पाहिला नव्हता.

“व्हय म्हाराजा!”

आवाज ट्रककडून आला. गौरेशने टोपी काढली होती आणि तो थेट बापाकडे बघत होता. मग बाबली म्हणाला. मग सगळेच म्हणाले, वरचे पत्रे हलतील एवढ्या मोठ्याने.

सगुणने नारळ फोडला. दोन्ही हातांत नारळाची दोन भकलं, त्यामुळे डोळे पुसायचे राहून गेले.

शेट लालबुंद झाला. देवावर रागावता येत नाही, म्हणून तो गौरेशवर धावून गेला.

“उद्यापासून कामाक येव नको तू!”

गौरेशने टोपी फाळक्यावर ठेवली.

“उद्या कोणच येवचो नाय, शेट,” तो म्हणाला. “आख्ख्या देशात.”