पाकिटावरच्या बायका

"जरा हसा की मावशी," पृथ्वीराजनं चौथ्यांदा सांगितलं, आणि चारही बायका आणखीनच ताठ झाल्या.

उचगावातल्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये एरवी मिरच्यांची पोती असायची. आज ती भिंतीकडं सरकवून दोन मोठे दिवे आणि पांढऱ्या छत्र्या उभ्या केल्या होत्या. पृथ्वीराजचा राजारामपुरीत स्टुडिओ होता. आक्काताई कांबळेच्या कांदा-लसूण चटणीच्या पाकिटासाठी तो फोटो काढायला आला होता. त्याला बोलावलं होतं आक्काताईच्या लेकीनं, संघप्रियानं. आक्काताईनं नुसती मान हलवली होती, आणि तेव्हापासून तिला घास गोड लागत नव्हता.

अकरा वर्षं त्या पाकिटावर नथ घातलेली एक गोरी बाई होती, कुठल्याशा कॅलेंडरातली. तिनं जन्मात मिरची भाजली नसेल, हे तिच्या बोटांवरनंच कळायचं. पण लक्ष्मीपुरीतला दुकानदार बाळासो तिच्यावर खूश होता. आक्काताई आता पाकिटावर आपलाच फोटो आणि नाव टाकणार म्हटल्यावर त्यानं तिला बाजूला घेतलं. माल चांगला खपतोय, उगाच आडनाव वाचून एखाद्यानं पाकीट परत ठेवायला नको, असं त्यानं हळू आवाजात सांगितलं. तो काही वाईट बोलला नव्हता. म्हणूनच ते जास्त लागलं. संघप्रिया छापखान्यात पाकिटांची चित्रं बनवायची, तिनं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "आई, चटणी तुझी आणि तोंड दुसरीचं, किती दिवस?"

आक्काताईसोबत चटणी करणाऱ्या बाळाबाई आणि चिमणाबाई तिच्याच गल्लीतल्या. विठाबाई मात्र वरच्या आळीतली, शेतकरी मराठ्याच्या घरातली. तिला आक्काताईनं सकाळीच सांगून ठेवलं होतं, तू फोटोत नसलीस तरी चालेल, घरात बोलणी खायला नकोत. विठाबाईनं निऱ्या नीट केल्या आणि म्हणाली, "सात वर्सं हात चालत्यात की माझं चटणीत. तोंडानं काय घोडं मारलंय?" आणि ती आक्काताईला अगदी खेटून उभी राहिली.

एवढं सगळं झालं, पण हसू काही येईना. ठेवणीतल्या साड्या, तेल लावून चोपलेले केस, आणि चेहरे असे की कुणाच्या तरी सांत्वनाला निघाल्यात. पृथ्वीराजनं एक विनोद सांगून पाहिला. बायकांनी तो लक्ष देऊन ऐकला आणि मान डोलावली.

शेवटी त्यानं हात टेकले. फोटोचं सोडा, म्हणाला, रोजचं काम करा, मी आपला एका कडेला उभा राहतो.

हे बायकांना पटलं. पदर खोचले गेले. चिमणाबाईनं चूल पेटवली, कढईत तेलाचं बोट फिरवलं आणि वाळक्या मिरच्यांचं घमेलं ओतलं. आक्काताईनं त्याला दारात उभं राहायला सांगितलं. पण उजेड आतच चांगला होता, आणि पृथ्वीराज कॅमेरा घेऊन कढईच्या आणखी जवळ सरकला.

मिरच्यांचा तिखट खकाणा उठला. पहिली शिंक त्यानं कशीबशी दाबली. दुसरीला छत्री आडवी झाली. मग त्या शिंकांना काही धरबंदच राहिला नाही. रोज त्या धुरात बसणाऱ्या चौघी बघत राहिल्या. आधी बाळाबाईच्या नाकातून फुर्र झालं, मग विठाबाई आक्काताईच्या खांद्यावर कोसळली, आणि शेड हसण्यानं भरून गेली. पृथ्वीराजच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, त्याला धड दिसतही नव्हतं. पण तो आपल्या धंद्यात पक्का होता. शिंकत, खोकत, गुडघ्यावर बसत त्यानं बटणावरचं बोट उचललं नाही. रोल संपला तेव्हाच तो बाहेर पळाला.

आठवड्यानं संघप्रियानं मोठा फोटो आणून आईच्या पुढ्यात ठेवला. चिमणाबाईचं उलथनं हवेत होतं. बाळाबाईनं तोंडाला पदर लावला होता. मधोमध आक्काताई, तोंड सताड उघडं, पडलेल्या पुढच्या दाताची फट सुद्धा दिसतेय. आक्काताईनं तो बराच वेळ हातात धरला. आपण हसताना अशा दिसतो, हे तिला पन्नाशीत पहिल्यांदा कळत होतं.

संघप्रियानं विचारलं, खाली नुसतं 'आक्काताई आणि मैत्रिणी' लिहू का?

"पुरं नाव लिही," आक्काताई म्हणाली. "चौघींचं. आडनाव गाळू नगंस."

नवीन पाकिटं बाजारात गेली. महिन्याभरानं आक्काताई माल द्यायला लक्ष्मीपुरीत गेली, तर बाळासोच्या दुकानात गर्दी होती. शिरोळकडची एक दांडगी बाई पुढं झाली आणि ठसक्यात म्हणाली, "त्या हसणाऱ्या बायकांची चटणी द्या. दोन किलो."

बाळासोनं पाकिटं काढली आणि त्याला काय वाटलं कोण जाणे, आक्काताईकडं बोट केलं. ही बघा, त्यातलीच ही. बाईनं पाकीट उचललं. फोटो बघितला, आक्काताईकडं बघितलं. मग बोट ठेवून खालची नावं एकेक करून वाचायला लागली. आक्काताईनं डोक्यावरची पाटी घट्ट धरली.

वाचून झाल्यावर बाईनं दोन्ही पाकिटं पिशवीत टाकली.

"बरं झालं गावलासा," ती म्हणाली. "उद्या जावई यायचा हाय. किलोभर मटणाला किती घालू, तेवढं सांगा."

आक्काताईनं पाटी खाली ठेवली आणि तिथंच पोत्यावर ऐसपैस बसली.

"सांगते की. आदी मला सांगा, जावई तिखट खातोय न्हवं?"