साठावी वाटी

वजनकाट्यावर आकडा थांबला, बासष्ट ग्रॅम, आणि डॉ. श्यामला यांनी चक्क टाळी वाजवली. साठीला टेकलेल्या, मानसशास्त्र विभागाच्या प्रमुख बाईंनी प्रयोगशाळेत टाळी वाजवावी, हे त्यांची मदतनीस स्नेहल पहिल्यांदाच बघत होती. पण बाईंना आनंदच तसा झाला होता.

पडद्यावरची हाणामारी माणसाला आक्रमक करते, असं श्यामलाबाई बावीस वर्षं सांगत आल्या होत्या. आता निवृत्तीला महिना उरलेला आणि त्यांचाच शेवटचा प्रयोग त्यांना खोटं पाडत होता. प्रयोग साधा. निम्म्या लोकांना अर्धा तास हाणामारीची फिल्म दाखवायची, निम्म्यांना फुलबागेची. मग सांगायचं, शेजारच्या खोलीत पुण्याचे एक पाहुणे बसलेत, त्यांना तिखट अजिबात सोसत नाही. त्यांच्यासाठी तुम्हाला वाटेल तेवढी चटणी वाटीत काढा, ती सगळी त्यांना खावी लागेल. चटणी जितकी जास्त, तितका माणूस आक्रमक. परदेशात यासाठी तिखट सॉस ठेवतात. बाईंनी कांदा-लसूण चटणी ठेवली आणि या कल्पनेवर स्वतःच खूश झाल्या.

पण फुलबाग बघून आलेले लोकही वाट्या शिगोशीग भरत होते. उलट हाणामारी बघून आलेल्यांपैकी नऊ जणांनी वाटी रिकामीच ठेवली. बाईंनी नाइलाजाने त्यांची नावं वहीत वेगळी लिहिली आणि वर मथळा दिला, 'सर्वांत शांत'.

आजचा पिराजी साठावा, म्हणजे शेवटचा. इचलकरंजीत यंत्रमागावर कामाला. हाणामारी बघून आला आणि त्याने बासष्ट ग्रॅम काढले. आजवरची सगळ्यात जड वाटी. एका वाटीने निकाल फिरत नाही हे बाईंना कळत होतं, तरी जिवात जीव आला.

तेवढ्यात दार ढकलून पिराजीच आत आला.

"बाई, वाईच तेल हाय का? कोरडी चटणी कशी ठिवायची पावण्यापुढं?"

"अहो, त्यांना तिखट सोसत नाही, सांगितलं होतं ना?"

"म्हणून तर तेल मागतोय की. आन् कमी वाढलं तर पावणं म्हणंल, कोल्हापुरात हात आखडला."

बाईंचा चेहरा उतरला. सगळा जन्म कोल्हापूरच्याच मंगळवार पेठेत गेला, आणि हे त्यांना पिराजीकडून ऐकावं लागलं. साठच्या साठ वाट्या पाण्यात गेल्या, असं म्हणून त्यांनी पेन खाली ठेवलं. मग एकाएकी त्या ताठ बसल्या.

"पिराजी, समजा त्या पाहुण्याचा तुम्हाला राग आला असता. मग किती वाढली असती?"

"रागात कोन वाढतंय, बाई? वाटी रिकामी सोडायची. कळतंय त्येचं त्येला."

बाई उठल्या त्या खुर्ची पाडूनच. इतक्या वर्षांत कुठल्याच आकड्याने त्यांना असं उभं केलं नव्हतं. त्यांनी वही स्नेहलपुढे सरकवली.

"ती शून्याची नऊ नावं वाच. मोठ्याने वाच."

स्नेहल गोंधळली. "पण मॅडम, ते तर आपले सर्वांत शांत लोक."