सदाची

सदानंदच्या चष्म्याच्या डबीतून चिठ्ठी पडली आणि स्मिताच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मुनीरा, अदलिया, व्हिला ३१. सदाची. मंगळवार, पाच."

अक्षर गोल, वळणदार. सदानंदनं एवढं मन लावून तिला कधी दोन ओळी लिहिल्या नव्हत्या. ऑफिसात तो मिस्टर सदानंद. सदा म्हणणारी माणसं घरची. ते नाव या बयेपर्यंत पोचलं कसं? आणि वर, सदाची म्हणे.

चार वर्षं स्मिता त्याच्यासाठी बिनतिखटाची आमटी करत होती. मंगळवारी तो जेवायला यायचा नाही, लेट शिफ्ट म्हणायचा. मग झिंजच्या फ्लॅटमध्ये ती एकटीच ताट वाढून घ्यायची. विचारलं तर तो अबोला धरणार, हेही ठाऊक. पण तो हातचा गेला तर या आखाती परमुलखात तिचं होतं कोण? दोन रात्री तिचा डोळ्याला डोळा लागला नाही.

सोमवारी तिनं अदलियाला जायला टॅक्सी केली. एकदा बघूच, काय एवढी रूपाची खाण लागून गेली आहे ती.

दार उघडलं पन्नाशीच्या, जाड भिंगांच्या बाईनं. हीच मुनीरा. आत सुयांचे ट्रे, भिंतीवर चिनी अक्षरांनी भरलेलं माणसाच्या अंगाचं चित्र. स्मिता वरमली, तरी तिनं चिठ्ठी पुढे केली.

"ये सदाची क्या है?"

मुनीरा हसली. "एक लफ़्ज़ नहीं, दो हैं. सदा. ची. ची मतलब जान, अंदर की ताक़त. चायनीज़ इलाज है. सदा साहब की ची एकदम मफी थी, बिलकुल ख़तम. सुई लगाई, जड़ी-बूटी दी. अब फर्स्ट क्लास."

स्मिताचा जीव भांड्यात पडला. मध्ये जागा सोडली नाही म्हणून केवढं रामायण. बिचारा दुखणं लपवून उपचार घेत होता आणि आपण मेलीनं नको नको ते मनात आणलं. आज त्याच्यासाठी शिरा करायचा, तिनं ठरवून टाकलं.

"मैं आई थी, उनको बोलना मत," ती उठता उठता म्हणाली. "घर की ही हूँ."

"समझ गई, बहन हो ना उनकी," मुनीरानं तिचे दोन्ही हात हातात घेतले. "मुबारक हो. आपकी भाभी आई थीं, उनको चौथा महीना लगा है."